चर्चची पेटी आणि म्हातारी माणसं

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं, की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुस्तकांतून आणि चित्रपटांतून पाहिलेलं एक चित्र येतं. दगडी चर्च, त्याच्याभोवती कललेल्या थडग्यांचं आवार, समोर हिरवळ, एखादा जुना पब आणि थोड्या अंतरावर जमीनदाराचा वाडा. त्या वाड्यातल्या माणसांची वंशावळ शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. त्यांची तैलचित्रं भिंतींवर असतात, खरेदीखतं आणि मृत्युपत्रं कपाटात जपलेली असतात, चर्चमध्ये त्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या असतात. प्रश्न असतो तो त्यांच्या शेतावर राबणाऱ्या मजुराचा. त्याच्या मालकीची जमीन नव्हती, राहायचं खोपटंही बहुधा दुसऱ्याचंच. थडग्यावर दगड उभा करण्याइतके पैसे नव्हते आणि लिहिता येत नसल्यामुळे त्याने पत्रंही मागे ठेवली नाहीत. तरीसुद्धा अशा मजुरांचे असंख्य वंशज आज तीनशे-चारशे वर्षं मागे जाऊन आपलं घराणं शोधून काढतात. हे कसं साधतं, त्यात काय हाती लागतं आणि काय निसटतं, ते आज पाहू.

याची सुरुवात १५३८ सालापासून करावी लागते. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने त्या वर्षी हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे प्रत्येक चर्चच्या हद्दीत, एक वही ठेवायची आणि त्या आठवड्यात झालेले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं दर रविवारी तीत लिहायची. वही ठेवायला मजबूत पेटी हवी आणि तिला दोन कुलपं हवीत. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी गावातल्या ‘वॉर्डन’ म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळींकडे. लोकांना वाटलं, की हा नवा कर बसवण्याचा डाव आहे. पुढे १५९८ मध्ये या नोंदी टिकाऊ चर्मपत्राच्या वहीत उतरवून घ्याव्यात, निदान एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासूनच्या तरी घ्याव्यात, असं ठरलं. ती राणी गादीवर आली १५५८ मध्ये. म्हणून इंग्लंडमधल्या कितीतरी गावांच्या नोंदवह्या नेमक्या त्याच वर्षापासून सुरू होतात.

या वहीचा मोठेपणा असा, की तिच्यात गरीब-श्रीमंत एकाच पानावर येतात. जमीनदाराचा मुलगा आणि गवळणीचा मुलगा यांचे बाप्तिस्मे एकाखाली एक लिहिलेले असतात. पण वही फार मितभाषी. पहिली अडीचशे वर्षं अनेक ठिकाणी नुसतं नाव, बापाचं नाव आणि तारीख एवढंच मिळतं. १६४० नंतरच्या यादवी युद्धाच्या काळात तर कित्येक वह्या कोऱ्याच राहिल्या. १७५४ पासून लग्नाची नोंद ठरावीक नमुन्यात होऊ लागली आणि वधूवरांनी सही करणं आवश्यक झालं. तेव्हापासून कागदावर माणसांचा स्वतःचा हात दिसू लागतो. सुरुवातीच्या काळात निम्म्याहून अधिक वधूंची सही म्हणजे एक फुली आहे. घराण्याचा शोध घेणाऱ्याला आपल्या खापरपणजीच्या हातचं एवढं एकच चिन्ह सापडतं, आणि तेही पुरेसं वाटतं. १८१३ पासून छापील वह्या आल्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा व राहण्याचं ठिकाण येऊ लागलं.

चर्चच्या पेटीत या वह्यांखेरीज आणखी एक गठ्ठा असायचा आणि गरिबांच्या इतिहासाच्या दृष्टीने तो अधिक बोलका आहे. म्हातारे, आजारी, विधवा, पोरकी मुलं यांना मदत करण्याची जबाबदारी त्या काळी सरकारवर नव्हती, पॅरिशवर होती. त्यासाठी गावातल्या जमीनधारकांकडून कर गोळा होई. साहजिकच प्रत्येक गावाला एकच चिंता असे: हा माणूस आपला, की शेजारच्या गावचा? १६६२ च्या कायद्याने या प्रश्नाला कायदेशीर रूप दिलं. बाहेरून आलेला माणूस गावावर भार होईल असं वाटलं, तर त्याला त्याच्या मूळ पॅरिशकडे परत पाठवता येई. १७९५ नंतर प्रत्यक्ष मदत मागितल्याशिवाय कोणाला असं हलवता येत नसे. पण तोवर चार-पाच पिढ्या या कायद्याखाली गेल्या होत्या.

अशा माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करून त्याची जबानी घेतली जाई. जन्म कुठे झाला, उमेदवारी कोणाकडे केली, कोणत्या मालकाकडे सबंध वर्षभर चाकरी केली, पगार किती होता, लग्न कोणाशी झालं, मुलं किती, हे सगळं लिहून घेत. ज्याला अक्षर येत नव्हतं त्या मजुराचं अख्खं चरित्र त्यामुळे एका पानात उतरलं. त्यातून इतरही गोष्टी उघड होतात. अविवाहित मजुराने वर्षभर चाकरी केली, की त्याला त्या गावात राहण्याचा आणि मदत मागण्याचा हक्क मिळे. म्हणून काही शेतकरी वर्ष पुरं व्हायच्या आत, थोडे दिवस बाकी असतानाच करार संपवत. लग्नाशिवाय जन्मलेल्या मुलाचं गाव त्याच्या जन्मस्थळावरून ठरे. म्हणून दिवस भरत आलेल्या गरीब बाईला गावाच्या हद्दीबाहेर घालवण्याची घाई होई. आज वंशज हे कागद वाचतात तेव्हा त्यांना आपल्या पूर्वजाची माहिती मिळते, ती गावाला तो नकोसा झाला होता म्हणून. मदत मागायची वेळ ज्याच्यावर कधीच आली नाही, तो मात्र या गठ्ठ्यात सहसा सापडत नाही.

या कागदांनी एक समजही मोडून काढला. जुन्या काळी इंग्रज खेडूत पिढ्यान् पिढ्या एकाच गावात राहत होता, असं बराच काळ मानलं जाई. नॉटिंगहॅमशायरमधल्या क्लेवर्थ गावच्या पाद्र्याने १६७६ मध्ये आणि पुन्हा १६८८ मध्ये गावातल्या रहिवाशांची यादी केली होती. पीटर लॅस्लेट या इतिहासकाराने १९६० च्या दशकात त्या दोन याद्या शेजारी ठेवून पाहिल्या. पहिल्या यादीत सुमारे ४०० माणसं होती. बारा वर्षांनी त्यांतली जवळजवळ साठ टक्के दुसऱ्या यादीत नव्हती. त्यांतले काही वारले होते, पण त्याहून अधिक लोक गाव सोडून गेले होते. नोकर-चाकर मालक बदलत, मुली लग्न होऊन जात, मजूर कामामागे जात. म्हणून आपल्या पूर्वजाचा शोध घेणारा माणूस एका गावाच्या वहीपाशी थांबत नाही. नकाशावर वर्तुळ काढून तो आजूबाजूच्या गावांच्या वह्याही चाळतो, कारण मजुराचं स्थलांतर बहुधा पायी चालण्याच्या टप्प्यातलं असे.

लॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये केंब्रिजला लोकसंख्येच्या इतिहासाचा अभ्यास करणारा एक गट उभा केला. त्याच्या कामासाठी गावोगावच्या हौशी अभ्यासकांनी संध्याकाळी, सुटीच्या दिवशी बसून नोंदवह्यांतले जन्म-मृत्यू महिन्यावार मोजले. अशा ४०४ पॅरिशच्या आकड्यांवर १९८१ मध्ये रिग्ली आणि स्कोफील्ड यांचा इंग्लंडच्या लोकसंख्येचा मोठा ग्रंथ उभा राहिला. विद्यापीठातल्या या विद्वत्तेखाली अशा निनावी हातांचे कष्ट आहेत.

एकोणिसाव्या शतकात सरकारी कागद वाढले. १ जुलै १८३७ पासून जन्म, मृत्यू आणि विवाहांची सरकारी नोंद सुरू झाली. १८४१ च्या जनगणनेपासून घरटी माणसांची नावं मिळू लागली. त्या वर्षी मात्र पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, त्यामुळे एकोणचाळीस वर्षांची बाई कागदावर पस्तिशीची झाली. १८५१ पासून जन्माचं गाव आणि कुटुंबप्रमुखाशी नातंही लिहू लागले. खेड्यांच्या या याद्यांत पुरुषांच्या नावापुढे एक संक्षेप सारखा येतो: ‘अॅग लॅब’, म्हणजे शेतमजूर. पानंच्या पानं अॅग लॅब. त्यांच्या बायकांच्या नावापुढची धंद्याची जागा मात्र बहुतेक वेळा रिकामी.

त्या बायका काहीच करत नव्हत्या का? इथे कागद थांबतो आणि माणसांच्या आठवणींचं काम सुरू होतं.

१९४८ मध्ये जॉर्ज युवर्ट एव्हान्स नावाचे एक वेल्श लेखक सफक काउंटीतल्या ब्लॅक्सहॉल या खेड्यात राहायला आले. त्यांच्या पत्नीला तिथल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली होती. एव्हान्स यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. घर सांभाळता सांभाळता ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलत बसत. ही माणसं विशेष शिकलेली नव्हती. पण घोड्यांनी नांगरणी, विळ्या-कोयत्यांनी कापणी, घरची भट्टी, घरची बिअर हे सगळं त्यांनी स्वतः केलं होतं. ट्रॅक्टर आल्यावर ते जग संपत चाललं होतं. एव्हान्स यांच्या लक्षात आलं, की आपल्यासमोर बसलेली ही माणसंच इतिहासाची साधनं आहेत आणि ती फार दिवस उपलब्ध असणार नाहीत. त्यांनी ऐकलेलं लिहून घेतलं, पुढे ध्वनिमुद्रण केलं, बीबीसीवरून कार्यक्रम केले. ‘आस्क द फेलोज हू कट द हे’ हे त्यांचं पुस्तक १९५६ मध्ये आलं. मौखिक इतिहास नावाची जी शाखा इंग्लंडमध्ये पुढे वाढली, तिच्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते.

अशा आठवणींतूनच त्या रिकाम्या जागेत काय लिहायला हवं होतं, ते कळतं. कापणी झाल्यावर शेतात पडलेली कणसं, म्हणजे आपण ज्याला सरवा म्हणतो तो, वेचायला बायका आणि मुलं जात. त्याचे कडक नियम होते. शेत पुरतं मोकळं होईपर्यंत मालक एक पेंढी शेतात उभी ठेवी. तिला लोक ‘पोलीस’ म्हणत. ती उभी आहे तोवर आत पाऊल टाकायचं नाही. कित्येक गावांत सकाळी चर्चची घंटा वाजल्यावरच वेचणीला सुरुवात करायची, म्हणजे लवकर उठणाऱ्या धट्ट्याकट्ट्या बाईने लेकुरवाळीचा वाटा पळवायला नको. कुटुंबाच्या हिवाळ्यातल्या भाकरीत या सरव्याचा मोठा वाटा असे. जनगणनेच्या कागदात हे काम कुठेच नाही.

गंमत अशी, की कायद्याचा कागद याच्या उलट सांगतो. सफकमधल्याच टिमवर्थ गावच्या मेरी हॉटन या बाईवर सरवा वेचल्याबद्दल खटला झाला आणि १७८८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की सरवा वेचण्याचा हक्क असा कोणालाही नाही. केवळ निकालपत्र वाचणारा समजेल, की तिथे ही प्रथा संपली. पण त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लहानपणी आईबरोबर सरवा वेचलेली माणसं एव्हान्स यांच्या पिढीला भेटत होती. न्यायालय काय म्हणालं ते कागदाने सांगितलं, गाव कसं वागलं ते माणसांनी.

मग आठवण नेहमी खरी असते का? तसंही नाही. डर्बीशायरमधल्या ईम गावची गोष्ट इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांनाही माहीत असते. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्याबरोबर तिथे प्लेग आला, असं सांगतात. पुढच्या उन्हाळ्यात साथ भडकली, तेव्हा विल्यम मॉम्पेसन आणि थॉमस स्टॅन्ली या दोन धर्मोपदेशकांच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी स्वतःला हद्दीत कोंडून घेतलं. हद्दीवरच्या दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी अन्न ठेवून ती न्यायची, असा व्यवहार चाले. सुमारे २६० माणसं गेली. एलिझाबेथ हॅन्कॉक या बाईने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. गावाबाहेरच्या माळावर त्या कुटुंबाची दफनभूमी आजही दाखवतात.

पॅट्रिक वॉलिस या इतिहासकाराने २००६ मध्ये या कथेचा मागोवा घेतला. गावाने जाणूनबुजून केलेल्या त्यागाची जी कहाणी आज सांगितली जाते, तिला पुढच्या दोन शतकांतल्या कवींनी, लेखकांनी आणि स्थानिक इतिहासकारांनी आकार दिला, असं त्यांनी दाखवलं. साथ खरी, मृत्यू खरे. त्यामागचा एकमुखी निर्धार मात्र नंतर अधिक ठळक झाला असावा. म्हणून ही कहाणी टाकाऊ ठरत नाही. दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीला ईममध्ये त्या मृतांसाठी प्रार्थना होते. आपल्या पूर्वजांचं कोणतं रूप गावाला जपावंसं वाटलं, हेही गावच्या इतिहासाचंच अंग आहे. अभ्यासकाने फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: काय घडलं आणि ते कसं सांगितलं गेलं.

कधी कधी मात्र कागदच नाहीसा होतो. इंग्लंडमधल्या जवळजवळ प्रत्येक खेड्यात पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचं स्मारक आहे. त्यावर नावं असतात, पण पुष्कळदा तेवढीच. त्या सैनिकांचे सेवेचे कागद पाहावेत, तर निम्म्याहून अधिक कागद सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात लंडनमध्ये जळाले. अशा वेळी दगडावरच्या नावाचा मुलगा कोणाचा, कोणत्या घरातला, घोड्यांवर काम करणारा की बेकरीतला, हे घरोघरच्या फोटोंवरून, पोस्टकार्डांवरून आणि सांगीवांगीवरून जुळवावं लागतं. गावोगावच्या इतिहास मंडळांनी २०१४ ते २०१८ या शताब्दीच्या काळात हे काम मोठ्या प्रमाणात केलं.

विल्टशायरमधल्या इंबर गावाचं तर गावच गेलं. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या सुमारे दीडशे लोकांना सैन्याच्या सरावासाठी गाव रिकामं करायला सांगितलं गेलं. नाताळच्या आधी गाव मोकळं झालं. युद्ध संपलं की परत येता येईल, असं आपल्याला सांगितलं होतं, हे गावकरी पुढे आयुष्यभर सांगत राहिले. ती जमीन आजही सैन्याकडेच आहे. सेंट जाइल्स चर्च तेवढं उभं आहे आणि वर्षातून मोजक्या दिवशी तिथे जाता येतं. तिथे जन्मलेली माणसं आता जवळजवळ संपली. त्यांची नातवंडं मात्र तिथे येतात. कोणतं घर कुठे होतं, हे त्यांना माहीत असतं ते आजी-आजोबांकडून ऐकलेलं.

खेड्यांच्या या शोधाचा एक धागा आपल्याकडेही येतो. शेतावर पोट भरेना म्हणून सैन्यात भरती झालेली कितीतरी इंग्रज पोरं मुंबई इलाख्यात आली. पुणे, खडकी, देवळाली अशा छावण्यांतल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला तेव्हा लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गावच्या वहीत बाप्तिस्मा सापडतो पण दफन सापडत नाही, असा मुलगा कधी कधी त्या नकलांत मिळतो. देवळालीच्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने काढणाऱ्या शिपायांची डोकी फिरत. त्यावरून ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग निघाला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. भ्रमिष्ट माणसाला ‘डूलाली’ म्हणणाऱ्या इंग्रज आजीबाईला तो शब्द नाशिकजवळचा आहे हे ठाऊकही नसेल, पण तो तिच्या घरात कोणा शिपायाबरोबरच आलेला असू शकतो.

हे सारं टिकलं ते आपोआप नाही. बेडफर्डशायरमध्ये १९१३ मध्ये पहिलं काउंटी अभिलेखागार निघालं, मग इतर काउंटींनी तो कित्ता गिरवला. चर्चच्या ओलसर पेटीत कुजणाऱ्या जुन्या वह्या नीट सांभाळता येत नसतील, तर त्या अभिलेखागारात द्याव्यात असा नियम १९७८ मध्ये झाला. गावचा इतिहास हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, ही गोष्ट डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांच्या लेखनाने आणि लेस्टर विद्यापीठात १९४८ मध्ये निघालेल्या विभागाने रुजवली. आणि आज गावोगावच्या मंडळांत काम करणारे बरेचसे लोक बाहेरून येऊन स्थायिक झालेले आहेत. जुन्या मजुरांच्या खोपटांना आता मोठ्या किमती येतात. त्या मजुरांच्या नातवंडांना त्याच गावात घर घेणं परवडत नाही. घरात राहणारा एक, घराची आठवण असणारा दुसरा, अशी स्थिती आहे. म्हणून या दोघांची गाठ पडणं महत्त्वाचं.

आणि त्याला आता फार वेळ उरलेला नाही. जनगणनेचे कागद इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी खुले होतात. १९२१ चे कागद २०२२ मध्ये खुले झाले. १९३१ चे मात्र १९४२ मधल्या आगीत जळून गेले आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. १९३९ मध्ये युद्धाच्या सुरुवातीला केलेली एक नोंदणी तेवढी आहे. १९५१ चे कागद पाहायला २०५२ साल उजाडावं लागेल. म्हणजे तीस वर्षांच्या त्या काळात गावातल्या चुलीवर काय शिजत होतं, पाणी कुठून आणत होते, आठवड्याचा पगार कोणत्या डब्यात ठेवत होते, हे सांगणारी माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.

या कामातली अनुभवी मंडळी नवख्यांना एकच सल्ला देतात. अभिलेखागारात नंतर जा, कारण तिथला कागद पुढच्या वर्षीही जागेवर असेल. आधी घरातल्या सगळ्यांत वडील माणसाकडे जा. त्याला ‘पूर्वीचं काही सांगा’ असं म्हणू नका, कारण त्यावर कोणालाच काही सुचत नाही. जुना फोटो पुढे ठेवा, शेतांची नावं विचारा, स्वयंपाकघर कुठे होतं ते विचारा. आणि उत्तर मिळालं, की कोणी सांगितलं आणि कोणत्या दिवशी सांगितलं, हे त्याखाली लिहून ठेवा.